दारे आणि तोंडे : चीनच्या खानेसुमारीची दोन सहस्र वर्षे

आपल्याकडे गावाचा विस्तार सांगताना जुनी माणसे 'तीनशे उंबऱ्यांचे गाव' असे म्हणत, आणि एखाद्या घराची ओढग्रस्त स्थिती वर्णावयाची झाली म्हणजे 'खाणारी तोंडे अकरा आणि राबणारे हात चार' असा हिशेब मांडीत. घर मोजावे ते उंबऱ्यावरून आणि माणूस मोजावा तो तोंडावरून, ही रीत आपल्या बोलण्यात इतकी मुरलेली आहे की तिच्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटतही नाही. हिमालयापलीकडच्या चीन देशात मात्र ही रीत बोलण्यापुरती न राहता राज्यकारभाराच्या लिपीतच उतरली. एका फळीच्या दाराचे चित्र काढून त्याला 'हू' म्हणावे आणि त्याचा अर्थ कुटुंब असा घ्यावा, उघड्या तोंडाची चौकट काढून तिला 'खौ' म्हणावे आणि तिचा अर्थ माणूस असा घ्यावा, अशा दोन खुणांनी त्या देशाची दफ्तरे दोन हजारांहून अधिक वर्षे भरत आली. या दोन खुणा जोडल्या म्हणजे 'हूखौ', अर्थात 'दार-तोंड', हा कुटुंबनोंदणीचा शब्द होतो. या दोहोंच्या जोडीला तिसरी एक खूण होती : 'तिंग', म्हणजे करास, वेठबिगारीस आणि लष्करी चाकरीस पात्र असा प्रौढ पुरुष. सरकारला प्रथम हवा असे तो तिंग, भूमीला पोसावी लागत ती तोंडे, आणि या दोहोंच्या मधोमध दारात उभा राहून, आत किती माणसे आहेत असे सांगावे याचा विचार करणारा कुटुंबप्रमुख. चीनच्या लोकसंख्येचा इतिहास हा माझ्या मते मुख्यतः या तिघांच्या व्यवहाराचा इतिहास आहे.

या व्यवहाराची रंगभूमी प्रथम पाहिली पाहिजे. नकाशावर चीनचा विस्तार सुमारे ९६ लाख चौरस किलोमीटर भरतो. परंतु त्यातील बराच भाग तिबेटचे पठार, तकलामकानचे वाळवंट, मंगोलियाच्या बाजूची गवताळ माळराने आणि दक्षिणेतील डोंगर यांनी व्यापलेला असून, नांगराखाली येणारी जमीन एकूण क्षेत्राच्या सातव्या-आठव्या हिश्श्याहून फारशी अधिक नाही. हू ह्वान्युंग या भूगोलशास्त्रज्ञाने १९३५ साली देशाची लोकवस्ती टिंबांनी नकाशावर मांडली आणि ईशान्येकडील आयहुईपासून नैर्ऋत्येकडील थंगछुंगपर्यंत एक तिरपी रेषा ओढून दाखवली, तेव्हा तत्कालीन सरहद्दीतील मुलखापैकी ३६ टक्के भूमी रेषेच्या आग्नेयेस होती आणि ९६ टक्के माणसे त्याच बाजूस राहत होती. ही रेषा स्थूलमानाने पावसाची रेषा आहे. तिच्या एका अंगास शेतकरी पाऊस पडेल या भरवशावर पेरणी करू शकतो, दुसऱ्या अंगास त्याला कालवा तरी लागतो किंवा मेंढरे तरी पाळावी लागतात. रेषेच्या आतल्या बाजूस उत्तरेत पिवळी नदी आहे. वायव्येकडील मऊ पिवळ्या मातीच्या पठारावरून ती इतका गाळ आणते की, मैदानात तिचे पात्र वर्षानुवर्षे उंचावत जाऊन भोवतालच्या शेतांच्याही वर येते. अशा नदीला बांधांच्या आत राखावयाचे म्हणजे दरसाल हजारो हात हवेत, आणि हजारो हात हवेत म्हणजे कोणत्या गावी किती हात आहेत याची यादी हवी. चिनी राज्यसंस्थेला नोंदवहीची सवय लागण्याच्या कारणांपैकी हे एक होते; दुसरे कारण युद्ध.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात छिन या पश्चिमेकडील राज्यात शांग यांग नावाच्या प्रधानाने घराघरांची पाच-पाच आणि दहा-दहा अशी जूट बांधून त्यांना परस्परांच्या वर्तनाबद्दल जबाबदार धरण्याचा कायदा केला, आणि याच राज्याने पुढे इ. स. पू. २२१ मध्ये सर्व चीन एका छत्राखाली आणला. हूनान प्रांतातील लिये या गावी २००२ साली आणि त्यानंतर झालेल्या उत्खननांत छिन काळातील लेखनाच्या लाकडी पट्ट्या हजारोंनी सापडल्या. त्यांत कुटुंबांच्या नोंदीही आहेत. या दफ्तराचे मोल कोणाला कळले होते हे एका प्रसंगावरून दिसते. इ. स. पू. २०६ मध्ये ल्यू पांगच्या सैन्याने छिनांच्या राजधानीत प्रवेश केला, तेव्हा इतर सरदार सोने-नाणे आणि रेशीम यांच्या कोठारांकडे धावले. शियाओ ह नावाचा त्याचा कारभारी मात्र सरळ कचेरीत गेला आणि छिनांचे नकाशे, कायदे व नोंदवह्या त्याने ताब्यात घेतल्या. कोठे घाट आहेत, कोठे घरे दाट आहेत, कोठे विरळ आहेत, रयतेची दुखणी कोणती आहेत, हे ल्यू पांगला कळले ते त्या वह्यांमुळे, असे हानकालीन इतिहासकार सूमा छ्येन याने नमूद करून ठेवले आहे. आणि त्या ल्यू पांगनेच पुढे चारशे वर्षे टिकलेल्या हान राजवटीची स्थापना केली.

हान राजवटीच्या दफ्तरातून इसवी सन २ या वर्षीचा जो आकडा आपल्यापर्यंत पोहोचला आहे, तो जगातील प्राचीन खानेसुमारींत शिरोमणी मानावा लागेल : १,२२,३३,०६२ घरे आणि ५,९५,९४,९७८ माणसे. प्रांतवार तपशील जुळवून पाहिला असता असे दिसते की, या जवळजवळ सहा कोटींपैकी फार मोठा भाग पिवळ्या नदीच्या मैदानात होता, आणि पुढे जगातील अत्यंत दाट वस्तीचा म्हणून ज्याची ख्याती झाली तो यांगत्से नदीच्या दक्षिणेचा मुलूख त्या वेळी दलदली, अरण्ये आणि विखुरलेल्या वस्त्या यांचा होता. एवढी बारीक मोजणी त्या प्राचीन काळी शक्य झाली, हे हान अंमलदारांच्या कर्तबगारीचे भूषण होय. परंतु मोजणी ज्या कारणासाठी होती त्या कारणानेच तिला कीड लागणार होती. दरडोई कर, दरडोई वेठ आणि दरडोई लष्करी चाकरी ज्या यादीवरून ठरते, त्या यादीत आपले नाव असावे असे कोणत्या रयतेला वाटेल?

हान राजवट कोसळल्यावर तीन राज्यांचे युद्धयुग आले आणि ते संपून चिन राजवटीखाली देश पुन्हा एक झाला, तेव्हा इ. स. २८० मध्ये दफ्तरी माणसे उरली होती अवघी १ कोटी ६१ लाख. युद्ध, दुष्काळ आणि रोगराई यांनी लक्षावधी माणसे नेली यात शंका नाही. पण बाकीची सारीच मेली असे समजणे म्हणजे दफ्तरालाच देश समजणे होय. अनेक कुटुंबे परागंदा झाली, अनेकांनी बलाढ्य जमीनदारांच्या वाड्याचा आसरा घेतला, आणि जमीनदाराचे कूळ झालेल्या माणसाचे नाव सरकारी वहीतून गळाले. म्हणूनच पुढे स्वै राजवटीने सहाव्या शतकाच्या अखेरीस असा हुकूम काढला की, अंमलदारांनी गावोगाव जाऊन माणसाचा चेहरा आणि वहीतील वय ताडून पाहावे. कारण तरणेबांड पुरुष स्वतःस वृद्ध म्हणवून किंवा अल्पवयीन म्हणवून तिंगांच्या यादीतून निसटत होते. थांग राजवटीत दर तीन वर्षांनी वह्या नव्या होत, आणि त्यांतील काही पाने तुनह्वांगच्या लेण्यात बंदिस्त राहिल्यामुळे आजही वाचावयास मिळतात : कुटुंबप्रमुखाचे नाव, वय, बायको, मुले, प्रत्येकाचा दर्जा आणि वाट्याला आलेली जमीन. इ. स. ७५५ मध्ये या वह्यांत ५ कोटी २९ लाख माणसे होती. त्याच वर्षी आन लूशान या सेनापतीने बंड केले आणि बंडाचा वणवा विझल्यावर, ७६४ मध्ये, वहीत १ कोटी ६९ लाख उरली. या वजाबाकीवरून साडेतीन कोटी माणसांचा संहार झाला असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, ते मला ग्राह्य वाटत नाही. बंडाने माणसे मारली तशीच कचेऱ्याही जाळल्या, आणि अनेक सुभे केंद्राला हिशेब देईनासे झाले. हे मर्म थांग मुत्सद्द्यांनी ओळखले होते. यांग येन या प्रधानाने ७८० मध्ये दरडोई कर मोडून, जो जेथे राहतो तेथे त्याच्या मालमत्तेच्या मानाने वर्षातून दोन हप्त्यांत सारा द्यावा अशी जमाबंदी केली, तेव्हा कराचा काही भार तरी माणसाच्या देहावरून उतरून त्याच्या मिळकतीवर गेला.

याच शतकांत लोकवस्तीचा तोल उत्तरेकडून दक्षिणेकडे कलला. उत्तरेच्या सरहद्दीवरून होणाऱ्या स्वाऱ्यांनी त्रासलेली कुटुंबे यांगत्सेपार उतरली, त्यांनी दलदली उपसल्या, बांध घातले आणि बाजरी व गहू यांच्या जागी भात लावला. सुंग राजवटीचा बादशहा चंत्सुंग याने १०१२ साली, अवर्षणाने यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यातील भात करपून जाऊ लागले असता, मूळ चंपा देशातून आलेले आणि फूचियेन प्रांतात रुजलेले लवकर पिकणारे वाण मागवून त्याच्या बियाण्याची ३० हजार मापे शेतकऱ्यांत वाटली, आणि हे वाण कसे लावावे याची माहितीही प्रसृत केली. थोड्या पाण्यावर आणि थोड्या दिवसांत येणाऱ्या या भातामुळे उंचवट्यावरची शेते कसता आली, आणि एका शेतातून वर्षाला दोन पिके काढण्याची वाटही मोकळी झाली. सुंग दफ्तरात १११० साली २ कोटी ८ लाख घरे आहेत आणि माणसे मात्र ४ कोटी ६७ लाख, म्हणजे घरटी जेमतेम सव्वादोन; याचा सर्वमान्य उलगडा असा की, त्या वह्यांत स्त्रिया व मुले धरलेलीच नाहीत. घरटी पाच माणसे धरली तर सुंग चीनची वस्ती दहा कोटींच्या घरात जाते. हान आणि थांग या दोन्ही राजवटींना सहा कोटींची जी मर्यादा पडली होती, ती भाताने ओलांडली आणि सरकारी वहीने ती गोष्ट लिहूनही ठेवली नाही.

नोंदवहीचे सर्वांत भव्य स्वप्न पाहिले ते मिंग राजवटीच्या संस्थापकाने. हुंगवू बादशहा जन्माने दरिद्री कुळवाडी होता. दुष्काळात आणि रोगात त्याचे आईबाप गेले होते आणि तो काही काळ मठातून भिक्षा मागत फिरला होता. कारकुनांवर आणि धनिकांवर त्याचा तिळमात्र विश्वास नव्हता. त्याने १३८१ साली सर्व देशभर एकशे दहा-एकशे दहा घरांचे गट पाडले. त्यांतील दहा संपन्न घरांनी पाळीपाळीने एकेक वर्ष गटाचा कारभार पाहावा, उरलेल्या शंभरांचे दहा उपगट करून त्यांनी सारा आणि वेठ वाटून घ्यावी, आणि दर दहा वर्षांनी प्रत्येक घराची माणसे, जमीन, घर व जनावरे यांची वही नव्याने लिहावी, असा नियम घातला. बादशहाकडे जाणाऱ्या प्रतीला पिवळे वेष्टन असे, म्हणून त्या 'पिवळ्या वह्या' म्हणून ओळखल्या गेल्या. जमिनीचे वेगळे नकाशे होते. त्यांतील शेतांचे तुकडे माशाच्या खवल्यांप्रमाणे एकमेकांना बिलगून दिसत, म्हणून त्यांना 'मत्स्यशल्क' असे नाव पडले. पिवळ्या वह्या साठविण्यासाठी नानचिंग नगरीच्या तटाबाहेरील विस्तीर्ण सरोवरातील बेटे निवडण्यात आली. सभोवती पाणी असल्यामुळे आगीचे भय नाही आणि परवानगीवाचून कोणाला तेथे पाऊल टाकता येत नाही, हा त्यात हेतू. कोठारांच्या खिडक्या पूर्व-पश्चिम ठेवल्या होत्या, की सकाळ-संध्याकाळचे ऊन आत यावे आणि कागदाला कसर लागू नये. साऱ्या देशाच्या दारांची आणि तोंडांची यादी पाण्याने वेढलेल्या बेटांवर दोनशेहून अधिक वर्षे साठत राहिली. सरकारी दफ्तराची एवढी काळजी वाहिलेली उदाहरणे जगाच्या इतिहासात थोडी आहेत.

परंतु कागद वाळवीपासून वाचला तरी त्यावरील मजकूर असत्यापासून वाचला नाही. १३९३ साली ६ कोटी ५ लाख माणसे नोंदली गेली, आणि पुढे दोन शतके शांतता नांदून, नवी शेते काढली जाऊन, शहरे वाढूनही वहीतला आकडा सहा कोटींच्या आसपासच घुटमळत राहिला. गटाच्या प्रमुखांना वाढीव माणूस दाखविणे म्हणजे वाढीव वेठ ओढवून घेणे होते. म्हणून जुनी वही पुढे ठेवून नवी उतरून काढण्याची वहिवाट पडली, आणि शंभरी ओलांडलेली माणसे कागदावर निर्धास्त जिवंत राहिली. मिंग राजवट १६४४ मध्ये, छुंगचेन बादशहाच्या सतराव्या वर्षी, बुडाली; तरी त्याच्या चोविसाव्या वर्षापर्यंतच्या वह्या काही ठिकाणी आगाऊ लिहून तयार होत्या. जे वर्ष उगवलेच नाही त्या वर्षीची माणसे मोजून झाली होती. त्या सरोवरातील अगणित वह्यांपैकी आज फार थोडे अवशेष उरले आहेत.

ही कोंडी फोडली ती मांचू वंशाच्या छिंग राजवटीने, आणि माझ्या मते चीनच्या लोकसंख्येच्या इतिहासातील सर्वांत शहाणा हुकूम तोच होय. खांगशी बादशहा दौऱ्यावर असताना रयतेची विचारपूस करी. एका घरात पाच-सहा तिंग असून कर एकाचाच भरला जातो, हे त्याला ठाऊक होते. त्याने शिक्षा फर्मावली नाही. १७१२ साली त्याने जाहीर केले की, आदल्या वर्षी दफ्तरी असलेली २ कोटी ४६ लाख तिंगांची संख्या कायम धरून त्यावरचाच कर घेतला जाईल आणि यापुढे जन्मणाऱ्यांवर नवा दरडोई कर बसणार नाही. त्याचा पुत्र युंगचेंग याच्या कारकिर्दीत हा ठरलेला करही बहुतेक प्रांतांतून जमिनीच्या साऱ्यात मिळवून टाकण्यात आला. नातू छ्येनलुंग याने १७४१ पासून लहान-थोर, स्त्री-पुरुष अशी सर्व माणसे मोजण्याचा हुकूम केला. दरवाजावर घरातील माणसांच्या नावांची पाटी लावावी आणि दहा-दहा घरांच्या प्रमुखाने ती तपासावी अशी ती पद्धत होती. पहिल्याच वर्षी १४ कोटी ३४ लाख माणसे दिसली. ती त्या वर्षी जन्मलेली नव्हती. ती दाराआड उभी होती आणि आता बाहेर आली होती. तरीही कारकुनी आळस गेला नव्हता. जुन्या आकड्यात ठराविक भर घालून अंमलदार तक्ते पाठवितात असे १७७५ साली उघडकीस आले, बादशहाने कान उघाडणी केली, आणि एका वर्षात देशाची संख्या २२ कोटींवरून २६ कोटींवर गेली. १७९० मध्ये ती ३० कोटींवर आणि १८५० मध्ये ४३ कोटींवर पोहोचली.

या वाढीचा सारा अंश कागदी नव्हता. अमेरिका खंडातून स्पॅनिश व पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने आलेला मका, रताळे आणि भुईमूग यांनी डोंगरउतार आणि रेताड जमीन माणसाच्या पोटापाण्याला लावली. फूचियेन प्रांतातील परंपरा सांगते की, चेन चेनलुंग या व्यापाऱ्याने १५९३ साली लुझॉन बेटावरून रताळ्याचा वेल आणला, आणि पुढल्याच वर्षी दुष्काळ पडला तेव्हा प्रांताचा सुभेदार चिन श्वेत्संग याने त्याची लागवड सर्वत्र करविली. भाताला जेथे पाणी नाही तेथे रताळे, गव्हाला जेथे सपाटी नाही तेथे मका, असा क्रम लागून अठराव्या शतकात निराश्रित कुटुंबे यांगत्सेच्या उपनद्यांकाठच्या डोंगरांत झोपड्या बांधून राहिली. जंगल तुटले, माती उघडी पडली, ती पहिल्या काही पावसांतच वाहून गेली, आणि खालच्या खोऱ्यात सरोवरे गाळाने भरून पूर वाढले. वर पोसलेल्या तोंडांची किंमत खाली बुडालेल्या शेतांनी मोजली.

हे संकट स्वच्छ दृष्टीने पाहणारा पुरुष त्याच काळात होऊन गेला. हुंग ल्यांगची हा विद्वान क्वेचौ प्रांतात शिक्षणाधिकारी असताना १७९३ साली त्याने जे निबंध लिहिले, त्यांत एका घराचे उदाहरण घेतले : आजोबाजवळ दहा खोल्या आणि शंभर मू जमीन होती तेव्हा तो सुखी होता, मुलांच्या आणि नातवांच्या पिढीत त्याच खोल्या आणि तीच जमीन कितीतरी पट माणसांना पुरवावी लागते, जमीन आणि घरे वाढून दुपटीने वाढतील, फार तर तिपटी-पाचपटीने, पण माणसे दहापट-वीसपट होतात. शांततेचा दीर्घ काळ हीच या वाढीची जननी आहे, आणि शांतता नको असे तर कोणी म्हणू शकत नाही, हे त्याचे दुःख होते. इंग्लंडात माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध प्रसिद्ध झाला तो १७९८ साली. दोघांना परस्परांची वार्ताही नव्हती. एकोणिसाव्या शतकाने हुंगची भीती खरी केली. १८५१ ते १८६४ या काळातील ताइपिंग बंडात दोन कोटींहून अधिक माणसे दगावली असे मानतात, १८७६ ते १८७९ च्या दुष्काळाने उत्तरेत सुमारे एक कोटीचा बळी घेतला, आणि शांतुंगचे शेतकरी मांचुरियाकडे, तर फूचियेन व क्वांगतुंगचे दर्यापार मलाया, सयाम, जावा आणि कॅलिफोर्नियाकडे निघाले.

नव्या लोकराज्याने १९५३ साली निवडणुकीच्या याद्यांसाठी पहिली आधुनिक खानेसुमारी केली, तेव्हा 'चाळीस कोटी देशबांधव' हा शब्दप्रयोग ज्यांच्या तोंडी रुळला होता त्यांना ५८ कोटी २६ लाख हा आकडा ऐकावा लागला. पेकिंग विद्यापीठाचे कुलगुरू मा यिनचू यांनी १९५७ मध्ये संततिनियमनाचा आग्रह धरला. त्यांना माल्थसचे अनुयायी ठरवून झोडपण्यात आले, १९६० मध्ये पद सोडावे लागले आणि १९७९ पर्यंत, वयाची सत्त्याण्णव वर्षे होईतो, न्यायाची वाट पाहावी लागली. १९५८ च्या कायद्याने 'दार-तोंड' नोंदणी पुन्हा कडक झाली : ग्रामीण नोंदीच्या माणसाला शहरात धान्याचे कार्ड मिळेना. कागदावरचे अवास्तव पीक खरे मानून धान्यवसुली झाली आणि १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात जी माणसे गेली त्यांचा अंदाज अभ्यासक दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत देतात; १९६४ च्या खानेसुमारीचे तपशील त्या वेळी प्रसिद्धच करण्यात आले नाहीत. १९८२ मध्ये मोजणी शंभर कोटींपलीकडे गेली.

त्यापूर्वीच, १९८० मध्ये, एका कुटुंबास एकच मूल हा नियम लागू झाला होता, आणि जुना व्यवहार नव्या रूपाने सुरू झाला. दुसऱ्या मुलाची नोंद म्हणजे जबर दंड आणि नोकरीवर गदा. म्हणून आईबापांनी मुले आजोळी ठेवली, नातलगांच्या नावावर घातली किंवा कोणत्याच वहीत घातली नाहीत. २०१० च्या खानेसुमारीत असे आढळले की, सुमारे १ कोटी ३० लाख माणसांना हूखौ नव्हते. त्यावाचून शाळेत नाव लागत नव्हते, रेल्वेचे तिकीट मिळत नव्हते, लग्नाची नोंद होत नव्हती. स्वै काळातील शेतकरी वेठ चुकवावी म्हणून आपले नाव लपवीत होता. या मुलांचे नाव त्यांच्या जन्माआधीच नाकारलेले होते. २०१६ च्या आरंभी या सर्वांना बिनशर्त नोंद द्यावी असा हुकूम निघाला, दोन मुलांची मुभा मिळाली आणि पुढे तिसऱ्याचीही. परंतु २०२० मध्ये १४१ कोटी १७ लाख झालेली संख्या २०२२ साली साडेआठ लाखांनी घटली. तीन मुलांची मुभा असूनही घरे एका मुलावरच थांबू लागली आहेत.

दोन सहस्र वर्षांच्या या दफ्तराचा निष्कर्ष मला असा दिसतो की, चिनी राज्यकर्त्यांना वही कशी ठेवावी हे कोणी शिकवावे लागले नाही. सरोवरातील बेटे, चेहऱ्यांची तपासणी, दारावरच्या पाट्या, सारे उपाय त्यांनी योजून पाहिले. तरी खरा आकडा त्यांच्या हाती प्रथम आला तो खांगशीने कर वाढविणार नाही असे वचन दिल्यावर आणि त्याच्या मुलाने व नातवाने ते पाळल्यावर. नाव सांगितल्याने ज्या राज्यात माणसाचे नुकसान होत नाही, त्याच राज्याला आपली माणसे किती आहेत हे कळते.